जाते कुठं ही गाडी?

“पण ही जाते कुठं?” अण्णांनी विचारलं तेव्हा निम्मी वाट सरली होती. बारीक पाऊस होता, छत्री उघडावी की नको हे ठरू न देणारा. लाकडी बाकांचा डबा, काचांवर ओल, आणि पुढून येणारा कोळशाच्या धुराचा वास आत कोंडलेला. त्या डब्यात आम्ही तिघंच. अण्णा, मी आणि माझा सात वर्षांचा लेक. तरीही गार्डनं आमची तिकिटं नीट तपासली होती, दारं एकेक करून ओढून पाहिली होती, हिरवं निशाण दाखवलं होतं. ड्रायव्हरनं मागं वळून ते निशाण बघितलं आणि मगच शिट्टी दिली. तीन माणसांसाठी सगळं यथासांग. मी म्हणाले, “कुठंच नाही अण्णा. जरा पुढं जाते, इंजिन सोडवून दुसऱ्या बाजूला जोडतात, आणि परत येते.” त्यांनी मान हलवली. बाहेर ओले बर्च सरकत होते. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं न बघता ते म्हणाले, “आपली जात होती की गं.”

अण्णा आता कुर्डुवाडीला परत गेलेत. ते वाक्य मात्र इथं इंग्लंडात, स्टोकमध्ये माझ्यापाशी राहिलं. भाजी चिरताना, कामावर जाताना बसमध्ये मध्येच आठवतं. दुःख होतं का त्यात? टोमणा होता? की आणखी काही? त्यांना विचारावं तर ते म्हणणार, “मी असं कधी म्हणालो?”

अण्णा रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. कुर्डुवाडीत वाढलेल्या कुणाला वेगळं सांगायला नको की वर्कशॉप म्हणजे आपल्या बार्शी लाइटचं, अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीचं. भोंगा झाला की गल्लीतल्या सायकली एकदम निघायच्या. संध्याकाळी अण्णा घरी आले की तेलाचा वास त्यांच्याआधी ओसरीवर यायचा, आणि आई बादलीत सोडा घालून कपडे बाहेरच भिजवायची. आषाढी जवळ आली की ओव्हरटाइम सुरू. जादा गाड्या लागायच्या, त्यामुळं एकही इंजिन शेडमध्ये नुसतं उभं राहता कामा नये, असा दम वरून असायचा. जत्रेला मालडब्यांतूनसुद्धा माणसं नेलेली आहेत या गाडीनं. वारकरी छपरावर, दारांत, पायऱ्यांवर, आणि वेग असा की पोरं उतरून शेजारून पळत यायची. आम्हा भावंडांना ती गाडी कधी छोटी वाटलीच नाही. ब्रॉडगेजचा अवाढव्य डबा कुर्डुवाडीच्याच स्टेशनात पलीकडं उभा असायचा, पण तो मुंबईकडून येऊन मद्रासकडं जाणारा, परका. आपली गाडी ही. ती बार्शीला, लातूरला, पंढरपूरला आणि थेट मिरजेला जायची.

म्हणून अण्णा इकडं राहायला आले तेव्हा मला पहिल्यांदा सुचलं ते ॲपडेल, जिथं ही कुठंच न जाणारी गाडी धावते. घरापासून मोटारीनं वीसएक मिनिटांवर, न्यूकॅसल-अंडर-लाइमच्या कडेला, चेस्टरटनजवळ हे मोठं रान आहे. लोक कुत्री फिरवायला येतात, पोरं सायकली घेऊन येतात. तळी आहेत, उतारावर झाडी आहे, आणि पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं की हे सगळं पूर्वापार असंच असणार. तसं नाही. हा सगळा कोळशाचा मुलूख. या टेकड्यांच्या पोटात माणसं पिढ्यान् पिढ्या उतरली. इथून थोड्या अंतरावर हाल्मरएंडच्या मिनी खाणीत १२ जानेवारी १९१८ ला स्फोट झाला आणि दीडशेच्या वर पुरुष आणि मुलं गेली. मुलं म्हणजे खरोखरच मुलं, चौदा-पंधरा वर्षांची. त्याआधी १८९५ मध्ये ऑडलीच्या डिगलेक खाणीत पाणी घुसलं आणि सत्त्याहत्तर जण बुडाले, त्यांतल्या बहुतेकांचे देहही वर आले नाहीत. १९९८ मध्ये शेजारची सिल्व्हरडेलची खाण बंद झाली आणि उत्तर स्टॅफर्डशरमधलं खोल खाणींचं काम संपलं. जमीन सारखी केली, झाडं लावली, आणि लोकांना फिरायला मोकळी करून दिली. आज या जमिनीवर धावणारं इंजिन जो कोळसा खातं तो बहुधा समुद्रापलीकडून आलेला असतो, कारण ब्रिटनमधल्या वाफेच्या गाड्यांना आता देशात कोळसा मिळणं मुश्किल झालंय. पायाखाली कोळसा, आणि फायरमनच्या फावड्यात परदेशी माल. मला ते बघवत नाही, पण दुसरा इलाज काय, हेही कळत नाही.

गाडी चालवतात ते मोझली रेल्वे ट्रस्टचे लोक. सगळे स्वयंसेवक. ड्रायव्हर, फायरमन, गार्ड, तिकीट देणारी बाई, चहा करणारी बाई, रूळ टाकणारे, गवत काढणारे, पगार कुणालाच नाही. या मंडळाची मुळं १९६० च्या दशकाच्या शेवटाकडं चेशरमधल्या एका शाळेत आहेत. मुलांनी आणि शिक्षकांनी मिळून विटभट्ट्यांवरची, खाणींवरची टाकाऊ छोटी इंजिनं गोळा करायला सुरुवात केली. पुढं ती जागा गेली, ट्रस्टनं ॲपडेलला बस्तान हलवलं, आणि २०१० पासून इथं प्रवासी बसू लागले. रुळांची रुंदी दोन फूट, म्हणजे आपल्या माथेरानच्या गाडीएवढीच. कुर्डुवाडीची अडीच फूट होती. अण्णांनी हे उतरल्या उतरल्या, पाऊल आडवं टाकून, न विचारता सांगितलं.

मला या लोकांचं सगळ्यांत जास्त कौतुक कशाचं वाटत असेल तर त्यांनी काय जपलंय याचं. राजाराणीचे डबे नाहीत, वेगाचे विक्रम केलेली इंजिनं नाहीत. शेडमध्ये ओळीनं उभी आहेत ती माती, वीट, दगड, चिखल ओढणारी ओबडधोबड डिझेल इंजिनं. कुणाला छप्पर नाही, कुणाचं सीट म्हणजे नुसता पत्रा. ज्यांचा कुणी कधी फोटो काढला नसेल, काम संपल्यावर जी भंगारात जायची, अशांना या माणसांनी गोळा केलं. बेडफर्डच्या मोटर रेल कंपनीची सिम्प्लेक्स इंजिनं त्यांत आहेत. त्यांची पूर्वजं पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये खंदकांच्या मागं धावली. वाफेच्या इंजिनाचा धूर दिवसा दिसायचा आणि भट्टीचा उजेड रात्री, म्हणून आघाडीच्या अगदी जवळ पेट्रोलवर चालणारी ही बुटकी यंत्रं दारूगोळा घेऊन जायची आणि परतताना जखमींना आणायची. महायुद्धाच्या शताब्दीच्या वर्षांत इथं त्या खंदक-रेल्वेचे मोठे मेळावे भरले. त्याच युद्धातलं एक वाफेचं इंजिनही ट्रस्टकडं आहे, ३०१४ नंबरचं. फ्रेंच तोफखान्यासाठी केर स्टुअर्ट कंपनीनं बनवलेलं, सेनापती जॉफ्रच्या नावानं ओळखल्या जाणाऱ्या मालिकेतलं. युद्धानंतर ते फ्रान्समध्येच दगडाच्या खाणीवर राबलं आणि १९७० च्या दशकात इकडं परत आलं. आणि केर स्टुअर्टचा कारखाना कुठं होता? स्टोकमध्येच, फेंटनला. म्हणजे ते इंजिन घरी आलंय.

त्या कारखान्यात उमेदवारी केलेल्या दोन मुलांबद्दल इथं कुणीही सांगतं. एक रेजिनाल्ड मिचेल, ज्यानं पुढं स्पिटफायर विमान आखलं. दुसरा टॉम रोल्ट. १९३० मध्ये कंपनी बुडाली तेव्हा रोल्ट तिथं शिकतच होता. वीस वर्षांनी, वेल्समधली तालिलिन ही छोटी गाडी मालकाच्या मृत्यूनंतर बंद पडणार असं दिसल्यावर, याच माणसानं पुढाकार घेऊन लोक जमवले. १९५१ मध्ये स्वयंसेवकांनी ती गाडी चालवायला घेतली. जगात असं पहिल्यांदाच घडत होतं. आज ब्रिटनभर शनिवारी-रविवारी हजारो माणसं ओव्हरऑल चढवून जी कामं करतात, त्याचा उगम तिथं. मला वाटतं, हे काम सुरू करायला कारखान्यात हात काळे केलेला माणूसच लागला, यात नवल नाही.

अण्णांना मी हे सगळं सांगत होते आणि ते ऐकत नव्हते. त्यांचं लक्ष इंजिनाकडं.

फेरी संपल्यावर ड्रायव्हर खाली उतरला. सत्तरीचा असावा. चिनी मातीच्या कारखान्यात आयुष्यभर भट्टी सांभाळलेला माणूस, हे नंतर चहावर कळलं. तो चाकांशी वाकला आणि ॲक्सल बॉक्सवर हाताची पालथी बाजू टेकवली. एक, मग दुसरा, मग तिसरा. बेअरिंग तापलंय का ते बघतात तसं. तळहात लावत नाहीत, कारण चटका बसला तर बोटं आपोआप मिटतात आणि हात तिथंच चिकटतो. पालथा हात झटक्यात मागं येतो. अण्णा कुंपणाशी उभे होते. त्यांचा उजवा हात कोटाच्या खिशातून बाहेर आला आणि हवेतच पालथा झाला. ड्रायव्हरनं ते पाहिलं. त्यानं काही न बोलता फाटक उघडलं आणि कॉटन वेस्टचा एक बोळा अण्णांच्या हातात दिला. एकाला मराठी आणि जेमतेम रेल्वेतलं इंग्रजी, दुसऱ्याचं इंग्रजी स्टोकचं, जे मलाही अजून निम्मंच कळतं. पण इंजेक्टर, ग्लँड, पॅकिंग, लीक हे शब्द दोघांचे सारखेच. मी दुभाषी म्हणून मध्ये गेले होते, ती पाच मिनिटांत बाजूला झाले. लेकाला घेऊन चहाच्या खोलीत जाऊन बसले. तासाभरानं अण्णा आले तेव्हा त्यांच्या नखांत काळं होतं, आणि बेसिनशी ते बराच वेळ हात धूत राहिले. खरं तर धूत नव्हतेच. बघत होते.

पुढच्या आठवड्यात मी त्यांना मॅनिफोल्डला नेलं. स्टोकपासून तासाभराच्या आत, चुनखडकाच्या उंच कड्यांमधून वाहणारी ती नदी. तिच्या काठानं एक अरुंद सपाट वाट जाते, चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी. त्या वाटेखाली एक मेलेली रेल्वे आहे. लीक अँड मॅनिफोल्ड, १९०४ मध्ये सुरू झालेली, वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड. गेज अडीच फूट. सल्लागार इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप.

हो, तोच. बार्शी लाइटवाला.

बार्शीला त्यानं १८९७ मध्ये जे करून दाखवलं, कमी रुंदीच्या रुळांवर, कोणत्याही ॲक्सलवर पाच टनांपेक्षा जास्त भार न देता, मोठे डबे आणि भरपूर माल, ते त्यानं सात वर्षांनी इथं आणलं. इंजिनंही लीड्सच्या किट्सन कंपनीचीच. त्यांतल्या एकाला त्याचंच नाव. जुन्या फोटोंत त्या इंजिनावर भला मोठा दिवा आहे, आणि डब्यांच्या टोकांना लोखंडी जाळीचे सज्जे, जसे उन्हाच्या देशात असतात. एरवी आपण ऐकतो की विलायतेतून आपल्याकडं आलं. हे आधी आपल्या माळावर चाललं आणि मग इंग्लंडच्या दरीत आलं. ह्यूम एंडला स्टेशनची इमारत अजून आहे. तिथल्या माहितीच्या फलकासमोर मी अण्णांना बार्शीचं नाव दाखवलं. इंग्रजी अक्षरं त्यांनी बोट ठेवून वाचली आणि पुन्हा एकदा वाचली. मग वाटेनं चालताना वर बघून म्हणाले, “गावं कुठायत?” मी म्हणाले, वर, डोंगरावर. “आणि स्टेशन खाली?” हो. “मग चालंल कशी? दूध घेऊन माणूस एवढं उतरणार, आणि परत चढणार?”

चाललीच नाही ती. १९३४ मध्ये बंद झाली, तीन वर्षांत रुळांच्या जागी पायवाट झाली. तीच आखणी, तेच गेज, तोच इंजिनिअर. बार्शीची मात्र वाढत गेली. १९०६ मध्ये पंढरपूर, १९११ मध्ये लातूर, १९२७ मध्ये मिरज. तिच्या वाटेवर धान्याचे बाजार होते, तेलबिया होत्या, कापूस होता, आणि विठोबा होता. माणसांना जायचं होतं, म्हणून ती गेली. शंभर वर्षं गेली. त्या दरीत चालताना मला अण्णांचं वाक्य वेगळं ऐकू यायला लागलं. आपली जात होती की गं. कामाच्या माणसाचा ताठा असेल तो. आमच्या हातून जे इंजिन बाहेर पडायचं ते कुणाला तरी कुठंतरी पोचवायचं, एवढंच म्हणायचं असेल. असेल म्हणते, खात्री नाही.

दोन हजार सालानंतर टप्प्याटप्प्यानं आपली लाइन ब्रॉडगेज झाली. मला त्याचं दुःख आहे असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. लातूरची पोरं आता रात्री गाडीत बसून सकाळी मुंबईत उतरतात. मिरजेच्या दवाखान्यात पेशंट न्यायचा तर पूर्वी दिवस जायचा. छोट्या गाडीचं कौतुक तिच्यात रोज उभं राहून जाणाऱ्याला विचारून करावं. अण्णासुद्धा म्हणतात, ब्रॉडगेज झाली ते बरंच झालं. ॲपडेलमध्ये गाडी कुठंही जात नाही हे परवडतं, कारण बाहेर रस्ते आहेत, मोटारी आहेत, आणि लोकांकडं शनिवार मोकळा आहे. पेन्शन पुरते, म्हणून सत्तरीचा माणूस इंजिन पुसू शकतो. कुर्डुवाडीत निवृत्त फिटर नातवाची फी भरायला कुणाच्या तरी गॅरेजमध्ये उभा असतो. ही तुलना मनात येते तेव्हा या हिरव्या निशाणांचा थोडा रागही येतो मला. मग पुन्हा शनिवारी तिथं जाते आणि राग टिकत नाही.

गेज बदललं ते योग्यच होतं. पण इंजिनं उघडून जोडणारी माणसं नुसती निवृत्त झाली, हे योग्य नव्हतं. निरोप समारंभ, शाल, नारळ, फोटो, आणि घरी. त्यांच्या हातांत काय होतं ते कुणी विचारलं नाही. नागपूरला मोतीबागेत नॅरोगेजचं संग्रहालय आहे, मी बघितलंय, चांगलं आहे. रंग दिलेली इंजिनं, पाट्या, जुनी यंत्रं. पण तिथल्या इंजिनाचा वॉल्व्ह कसा बसवायचा, कोणता आवाज आला की इंजेक्टर पाणी घेत नाहीये, बॉयलरच्या नळ्या टोकांना किती फुलवायच्या, हे इंजिनाला रंग देऊन टिकत नाही. त्यासाठी ते तापवावं लागतं, चालवावं लागतं, बिघडावं लागतं, आणि कुणीतरी शेजारी उभं राहून बघावं लागतं. ॲपडेलचे लोक नेमकं हेच करतात. ती एवढीशी फेरी मारण्याआधी भल्या पहाटे कुणीतरी येऊन राख काढतं, विस्तव लावतं, वाफ धरेपर्यंत दोन-तीन तास थांबतं. बॉयलरची दरवर्षी तपासणी, ठरावीक वर्षांनी पूर्ण उकलून दुरुस्ती. गाडी चालवणाऱ्याला परीक्षा द्यावी लागते आणि रेल्वेच्या सरकारी नियामकाची नजर या एवढ्याशा लाइनवरही असते. हौस आहे म्हणून सूट नाही. आणि त्या सत्तरीच्या ड्रायव्हरच्या मागं फावडं घेऊन सतरा-अठरा वर्षांची एक मुलगी उभी असते, तिला तो ओरडून सांगत असतो की कोळसा मागच्या कोपऱ्यांत टाक, मध्ये ढीग नको. गाडी जाते कुठं, याचं उत्तर माझ्यापुरतं त्या दोघांच्या मधल्या चार फुटांत आहे.

मी आता तिथं जाते. इंजिनाजवळ जाण्याएवढं मला काही येत नाही. वॅगनचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडणं, रंगाचा पहिला हात देणं, बोल्ट रॉकेलमध्ये भिजत घालणं, चहाचे मग धुणं, ही माझी कामं. रॉकेलचा वास आला की ओसरी आठवते. लेकाला अजून रुळांवर कामाला घेत नाहीत, तो पार्कात सायकल फिरवतो आणि दर दहा मिनिटांनी येऊन भूक लागली म्हणतो.

मागच्या महिन्यात शेडमध्ये एका ॲक्सल बॉक्सच्या बेअरिंगवर व्हाइट मेटल, म्हणजे मऊ धातू, वितळवून ओतायचं होतं. पूर्वी हे काम जाणणारा त्यांचा माणूस आता हयात नाही, आणि बाहेरून करून घ्यायला पैसे फार. भट्टीवाले आजोबा मला म्हणाले, “तुझ्या वडिलांना विचार.” मी तिथूनच व्हिडिओ कॉल लावला. कुर्डुवाडीत दुपारचे चार, अण्णा बनियनवर, मागं पंखा. फोन मी बेअरिंगसमोर धरला. त्यांनी चष्मा घातला आणि आधी सगळ्यांना रागावलेच, हे एवढं तेलकट ठेवून ओतणार होता काय, म्हणून. पितळ आधी स्वच्छ करा, कल्हईसारखा कथलाचा हात द्या, तोही सगळीकडं, एक ठिपका सुटला तर तिथूनच उचलून येईल. साचा आणि पितळ दोन्ही गरम पाहिजे, गार पितळावर ओतलं तर धरत नाही. धातू किती तापला हे कसं बघायचं, असं त्या मुलीनं विचारलं. अण्णा म्हणाले, सुकं लाकूड बुडवा, कोवळी काडी नको, पाइनची पट्टी असेल तर उत्तम. ती तपकिरी होऊन करपली पाहिजे. नुसती ओली-पिवळी राहिली तर कमी आहे, पेटली तर जास्त आहे. मी एकेक वाक्य इंग्रजीत सांगत होते, मुलगी वहीत लिहून घेत होती, आजोबा मान हलवत होते. शेवटी अण्णा म्हणाले, “ओतताना थांबायचं नाही म्हणावं, एका दमात. आणि गार झाल्यावर हातोडीनं वाजवून आवाज ऐकवा मला. त्याशिवाय इंजिनाला लावू नका.”